नकाराची तबकडी

पिजन फोर्क गावात आर्व्हेला गॅबर्डला गप्प करील असा माणूस अजून जन्माला आला नव्हता. टपालकचेरीला लागून तिचं बायकांच्या केसांचं दुकान होतं. तिथल्या खुर्चीत बसलेली बाई केस कुरळे होईस्तोवर अख्ख्या परगण्याच्या बातम्या ऐकून उठायची. नवरा खाणीत दरड कोसळून गेला तेव्हा आर्व्हेला सव्वीस वर्षांची होती. वर्षभर रडली, आणि मग एका सकाळी डोळे पुसून म्हणाली, "आता पुरे. माझं रडणं ऐकून कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलंय." तेव्हापासून जी बोलत सुटली ती सुटलीच.

अशा बाईच्या नशिबी गाण्यातला जोडीदार कोण यावा? तर एस्टिल नेपियर! शाळेची बस चालवणारा, ताडमाड उंच, टोपी हातात धरून उभा राहणारा. पोरांशी दिवसभरात दोनच शब्द: 'बसा' आणि 'उतरा'. बाकी सगळी मिठाची गुळणी. आई होती तोवर त्याच्या वाटचं तीच बोलायची. ती गेल्यावर त्या घरात फक्त घड्याळ बोलत होतं. पण हाच माणूस गायला लागला की खर्जातला असा काही ऊबदार आवाज निघायचा की हातातलं काम थांबायचं.

दोघांची जोडी कुणी ठरवून जमवली नव्हती. हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीत आमचं रेडिओ स्टेशन आहे. शनिवारी दुपारी तिथे पिठाच्या गिरणीतर्फे अर्धा तास गाणी असतात. साठ साली एका शनिवारी दोघंही आपापलं गाणं म्हणायला आले आणि नेमका त्याच दिवशी दोनातला एक माइक बंद पडला. निवेदकाला भूक लागली होती. तो म्हणाला, "भांडत बसू नका. एकच माइक आहे, दोघं मिळून म्हणा काय म्हणायचं ते, मी चाललो जेवायला."

म्हणाले. तो खाली, ती वर. पुढच्या आठवड्यात चाळीस पत्रं आली.

झालं! अकरा वर्षं दर शनिवारी दोघं त्या एका माइकसमोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ. एस्टिल आधी पेपरमिंटची गोळी चघळून यायचा, का तर समोरच्या बाईला त्रास नको. गाण्यात तो तिला काय काय म्हणायचा! प्राण म्हणायचा, चांदणं म्हणायचा, तुझ्याविना मरेन म्हणायचा. आणि प्रसारणाचा लाल दिवा विझला की टोपी उचलून, "येतो, मिस आर्व्हेला." बस्स.

परगण्यातले निम्मे लोक त्यांना नवरा-बायकोच समजत. एस्टिलला गालगुंड झालं तेव्हा लोकांनी सूपची भांडी आर्व्हेलाच्या ओसरीवर आणून ठेवली. एका शनिवारी दोघांनी कडाक्याच्या भांडणाचं गाणं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी पाद्री हॉबर्ट बायबल काखोटीला मारून तिच्या दारात हजर. म्हणाले, "भांडण चूल पेटायच्या आत मिटवावं, बाई." अर्धं प्रवचन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ह्या दोघांचं तर लग्नच झालेलं नाही. तेव्हा उरलेल्या अर्ध्यात त्यांनी लग्न करण्यावर प्रवचन दिलं.

आता खोटं कशाला बोला, आर्व्हेलाचा जीव त्याच्यावर जडला होता. आठ वर्षं झाली असतील. जगातलं काहीही कुणालाही विचारणारी ही बाई ते एक विचारायला मात्र तयार नव्हती. आमच्याकडे बाई आधी विचारत नाही. तिनं आडून आडून सुचवून पाहिलं. एकदा तर चक्क रेडिओवर, दोन गाण्यांच्या मधे, "स्वयंपाकघराला पिवळा रंग असला की बाईचं मन रमतं," असंही सांगितलं. एस्टिलनं मान हलवली आणि गिटारची तार पिळली.

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. किती दिवस वाट पाहायची? एकाहत्तरच्या मार्चमध्ये आर्व्हेलानं ठरवलं, आता बास. तिची बहीण वॉनिटा ओहायोत होती. तिथल्या मोठ्या केशालयात तिच्यासाठी खुर्ची रिकामी होती. "एप्रिलात येते," तिनं कळवून टाकलं. ही गोष्ट तिनं फक्त ओपलमावशीला सांगितली आणि वर बजावलं, "कुण्णाला सांगू नकोस हं." ओपलमावशी ही काही तिची खरी मावशी नव्हे, ती सगळ्या गावाचीच मावशी. तिला गुपित सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणंच. आर्व्हेलाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिला सांगितलं! पण दवंडी पिटून झाली, आठवडा गेला, दोन आठवडे गेले, तरी एस्टिल आपला, "येतो, मिस आर्व्हेला."

त्यातच अल्बमचं निघालं. जत्रेत त्यांचं गाणं ऐकून नॅशव्हिलच्या तबकड्या काढणाऱ्या एका छोट्या कंपनीचा ट्रॉटर नावाचा गृहस्थ आला होता. म्हणाला, "दहा गाणी करू. बाई आणि बुवा, सगळी जोडीची." एस्टिल बस सोडून जाणार नाही, म्हणून ईस्टरच्या सुट्टीतले दोन दिवस ठरले. आर्व्हेलानं सोमवारचं ओहायोचं तिकीट काढून पर्समध्ये ठेवलं. मनाशी म्हणाली, जाताना एवढं तरी सोबत नेऊ.

एस्टिलच्या पिकअपमधून निघाले. विधवा बाई आणि बिनलग्नाचा पुरुष दोघंच परगावी जाणार, म्हणजे गावाला वर्षभराची मेजवानी. म्हणून ओपलमावशी सोबतीला. ती बसली बरोब्बर मध्ये, मांडीवर तळलेल्या कोंबडीचा डबा घेऊन, आणि नॅशव्हिलपर्यंत दोघांच्या मधून तसूभर हलली नाही.

स्टुडिओतली कामाची रीत अशी की वादक तीन तासांसाठी यायचे. तीन तास संपले की वाजवत असलेला सूरसुद्धा अर्ध्यात टाकून घरी. कागदावर सूर लिहिलेले नाहीत, काही नाही. एकदा गाणं ऐकायचं, पाकिटाच्या पाठीवर एक, चार, पाच असे सुरावटींचे आकडे खरडायचे, की लागले वाजवायला. आर्व्हेलानं बूट काढून ठेवले, कारण ताल धरताना टाच वाजते. मग अनवाणी उभी राहून तिनं नऊ गाणी अशी झाडली की ट्रॉटर काचेपलीकडून हात जोडायला लागला.

दहावं गाणं उरलं तेव्हा शेवटच्या तीन तासांतली चाळीस मिनिटं शिल्लक होती. गाणं निरोपाचं होतं. बाई बॅग भरून निघालीय, बुवा तिला अडवतोय. दोन कडवी गायची, मग गाणं थांबतं, नुसती धून खाली चालू राहते आणि त्यावर बुवानं साध्या आवाजात बोलायचं. आमच्याकडच्या गाण्यात असं बोलणं आलं की बायका हातरुमाल शोधतात. त्यानंतर शेवटचं कडवं बाईचं: 'नको रे अडवू, नको रे बोलू, गाडीची वेळ झाली. तुझ्या दाराची कडी मी माझ्या हातानं लावून आले.'

आणि तिथेच गाडं अडलं. गाणारा एस्टिल आणि बोलणारा एस्टिल हे दोन निराळे प्राणी होते ना!

"मला-सोडून-जाऊ-नकोस," त्यानं कागद नाकाशी धरून वाचलं.

ट्रॉटरनं थांबवलं. "एस्टिलराव, बायको चाललीय तुमची. गाय हरवल्याची जाहिरात नाही वाचायची."

दुसऱ्यांदा त्यानं इतक्या हळू वाचलं की फक्त पेपरमिंटचा वास आला. तिसऱ्यांदा कागद थरथरला आणि त्याचाच आवाज टेपवर आला. पाचव्यांदा तो 'बसा' म्हणाला. खरंच म्हणाला! घाबरला की तोंडातून तोच शब्द निघायचा. फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, भिंतीकडे तोंड करून हसत होता. आर्व्हेलाला हसू येत होतं आणि आतून रडूही येत होतं. तिला वाटलं, बघ बाई, लिहून दिलेलंसुद्धा ह्याला बोलता येत नाही. सोमवारची गाडी बरी.

अकरा मिनिटं उरली. ट्रॉटर तणतणत आत आला, एस्टिलच्या हातातला कागद ओढला आणि चुरगाळून खिशात घातला. "गेलं खड्ड्यात ते लिहिलेलं! ही बाई समोर उभी आहे. ही चाललीय. हिला थांबवायला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. शेवटची संधी. टेप चालू!"

दोन कडवी झाली. धून खाली आली. एस्टिलनं टोपी काढली, ती दोन्ही हातांत गच्च धरली आणि आर्व्हेलाकडे पाहिलं.

"मिस आर्व्हेला," तो म्हणाला, "तुम्ही ओहायोला चाललात हे मला चौथीतल्या पोरीनं सांगितलं. बसमध्ये. सगळ्या बसला माहीत होतं, मला सोडून. त्या दिवशी मी शाळा विसरलो. एकोणीस पोरं घेऊन थेट लाकडाच्या वखारीपर्यंत गेलो. माझं स्वयंपाकघर मी पिवळं रंगवलंय. तीन वर्षं झाली त्याला. आता पोपडे निघायला लागले, पण तुम्हाला बघायला या म्हणायचं राहूनच गेलं. मला बोलता येत नाही. मला फक्त तुमच्या खाली गाता येतं. तुम्ही गेल्यावर मी कुणाच्या खाली गाऊ? जाऊ नका. माझ्याशी लग्न करा. नसलं करायचं तर नका करू, पण जाऊ नका."

स्टील गिटारवाला त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा फिरवत होता. गिरणी आपोआप चालावी तसे त्याचे हात चालत होते आणि डोळे एस्टिलवर होते. कोपऱ्यात ओपलमावशीच्या हातातलं कोंबडीचं तंगडं तोंडापर्यंत येऊन थांबलं होतं.

ओरडावं, उडी मारावी, त्या टोपीसकट त्याला कवटाळावं असं आर्व्हेलाला झालं. पण अकरा वर्षांत तिनं एकदाही आपली जागा चुकवली नव्हती. फिडलनं कडव्याचं तोंड दाखवलं आणि बाईचं तोंड आपसूक उघडलं. 'नको रे अडवू, नको रे बोलू...' हसू दाबायच्या नादात आवाज असा कापला, असा फाटला की ऐकणाऱ्याला वाटावं काळीज सोलून निघतंय. 'तुझ्या दाराची कडी...' इथे तर तिला श्वासच पुरेना, कारण तिच्या डोळ्यांसमोर ते पोपडे निघालेलं पिवळं स्वयंपाकघर होतं. शेवटची ओळ दोघांची. एस्टिल खाली, ती वर. तो सूर चुकला नाही. आपलं काम त्यानं शेवटपर्यंत चोख केलं.

तारा शांत होईपर्यंत कुणी हलायचं नाही असा तिथला नियम. सगळे पुतळ्यासारखे उभे. मग लाल दिवा विझला आणि एकच गिल्ला झाला. ट्रॉटर धावत आला, वादकांनी आर्व्हेलाला घेरलं, कुणी तिचा हात हलवतोय, कुणी पाठ थोपटतोय. "अहो बाई, काय रडलात! काय रडलात!"

"रडले कुठे?" ती म्हणाली. "बाजूला व्हा जरा. एस्टिल कुठाय?"

एस्टिल गेला होता. ओपलमावशी दारापाशी उभी होती. "पेट्रोल भरून आणतो म्हणाला. आणि मला म्हणाला, ओहायोत थंडी असते, मिस आर्व्हेलांना जाड कोट घ्यायला सांगा. अगं, तू त्या बिचाऱ्याला सात लोकांसमोर नाही म्हणालीस!"

"मी? मी कधी?"

"आत्ता! मी ऐकलं ना ह्या कानांनी!"

आर्व्हेलाच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, ते गाणं होतं! गाणं!"

"असेल. पण त्याचं बोलणं गाण्यातलं नव्हतं. बस आता, येईल दहा मिनिटांत परत."

"अकरा वर्षं बसले," आर्व्हेला म्हणाली, "आता दहा मिनिटं बसणार नाही!" आणि पळत सुटली.

अनवाणी! फुलाफुलांचा झगा, केस टोपल्याएवढे उंच बांधलेले, ते एका बाजूला कलंडलेले. भर दुपारी नॅशव्हिलच्या रस्त्यानं एकोणचाळीस वर्षांची बाई "एस्टिल! अरे एऽऽ एस्टिल!" करत धावतेय. न्हाव्याच्या दुकानातले लोक अर्ध्या दाढीनं बाहेर आले. पिकअप दूर टोकाला दिसत होता आणि ती तो कधीच गाठू शकली नसती. पण त्या टोकाला रेल्वेचे रूळ होते.

शाळेच्या बसवाल्याला कायदा असा की रूळ आले की गाडी थांबवायची, दार उघडायचं आणि गाडी येतेय का ते कान देऊन ऐकायचं. मगच पुढे. एस्टिलनं वीस वर्षं बस चालवली होती. काळीज फुटलेलं असलं म्हणून काय झालं? पिकअपमध्ये एकही पोर नव्हतं, कोसभर आगगाडीचा पत्ता नव्हता, तरी तो थांबला. वाकून पलीकडचं दार उघडलं. ऐकू लागला.

आणि आगगाडीऐवजी आर्व्हेला आली.

"ऐकलंस? येतेय का गाडी?" तिनं दाराला धरून धापा टाकत विचारलं.

"नाही, मिस आर्व्हेला."

"मग माझं ऐक, मूर्खा! ते गाणं होतं! ट्रॉटरनं लिहून दिलं, मी म्हटलं. गेल्या महिन्यात मी रेडिओवर नवऱ्याला विष घातलं, आठवतंय? घातलं का मी कुणाला विष?"

"नाही."

"त्याच्या आधी मी आगगाडीखाली जीव दिला. दिला का?"

"नाही."

"मग? गाण्यात म्हटलेलं कुणी खरं धरतं का? दर शनिवारी मी तुला गाण्यात 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणत आले. ते धरलंस का तू खरं?"

एस्टिलनं टोपी काढून मांडीवर ठेवली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"हो," तो म्हणाला. "दर शनिवारी."

आयुष्यात पहिल्यांदा आर्व्हेला गॅबर्डला शब्द सुचला नाही. ती पायरीवर चढली, आत बसली, दार लावून घेतलं. तिचे तळवे काळे झाले होते आणि एका अंगठ्यातून रक्त येत होतं. एस्टिलनं हातरुमाल काढून पुढे केला.

"बिनसुराचं सांगते," ती शेवटी म्हणाली. "हो. करते लग्न. ओहायो गेलं उडत." आणि मग ती अशी हसत सुटली की एस्टिललाही राहवेना. तो हसतो हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून रस्ता डोक्यावर घेतला, तरी दोघं आपले रुळांसमोर हसतायत!

स्टुडिओत परतली तेव्हा वादक पेट्या बंद करून गेलेले. आर्व्हेला ट्रॉटरला म्हणाली, "ते शेवटचं कडवं पुन्हा म्हणू द्या. उलटं म्हणायचंय मला."

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या ह्या नकारावर माझं घर चालेल पाच वर्षं. मी हात लावणार नाही." परतीच्या प्रवासात ओपलमावशी खिडकीशी बसली आणि सगळी कोंबडी एकटीनं संपवली.

मे महिन्यात तबकडी आली आणि गावात हलकल्लोळ झाला. एस्टिलचं ते बोलणं ऐकून दाढीवाले खाणकामगार रडले. आणि मग आर्व्हेलाचं ते कडवं! दुकानात येऊन बायका तिला फाडून खायला लागल्या. "दगडाच्या काळजाची आहेस तू! पोपडे म्हणाला गं तो, पोपडे!" आर्व्हेला बोटातली अंगठी नाचवून दाखवायची. "अगं, माझं लग्न आहे त्याच्याशी! बारा जूनला!" तर म्हाताऱ्या मिसेस स्टायडम ड्रायरखालून ओरडल्या, "कशाला आणखी फसवतेस त्याला!"

आमच्याकडे लग्नाचा केक पाहुणेच आणतात. घरटी एक पातळ थर आणायचा, मधे सफरचंदाचा मुरंबा लावून एकावर एक रचायचे. नऊ-दहा थर झाले तरी नवरी भाग्याची म्हणतात. आर्व्हेलाचा केक तेवीस थरांचा झाला आणि तो कलंडू नये म्हणून लग्नात वाजवायला आलेल्या फिडलवाल्याला केक धरून उभं राहावं लागलं. तीन परगण्यांतून लोक आले होते. आशीर्वादाला नव्हे. ही बया पुन्हा नाही म्हणते का, ते बघायला.

पाद्री हॉबर्टनी प्रश्न विचारला आणि ते स्वतःच घाम पुसायला लागले. आर्व्हेला "हो!" म्हणाली ती अशी की बाहेर झाडाला बांधलेलं खेचर बिथरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एस्टिल मात्र तिच्याकडे बघतच राहिला. मग खाली वाकून कानात म्हणाला, "आणखी एकदा म्हणता, मिस आर्व्हेला?"

तिनं म्हटलं. ते गाणं अजून रेडिओवर लागतं, आठवड्यातून दोनदा तरी. ते लागलं की एस्टिल असेल तिथे थांबतो. हातात कप असो, करवत असो. तिचं कडवं संपेपर्यंत ऐकतो आणि मग वळून तिच्याकडे बघतो. विचारत काहीच नाही. आर्व्हेलाचे हात पिठात असोत, तोंडात केसांच्या पिना असोत, ती आधी "हो" म्हणते, मग पुढचं काम करते.